नागीण सुकली, पण आग का जात नाही? दुखणं शरीरात नेमकं चालतं कसं

रानजाई

आईला (वय ६८) दसऱ्याच्या सुमारास नागीण झाली. उजव्या बाजूला, छातीखालून थेट पाठीच्या कण्यापर्यंत पट्टा. फोड सुकले, खपल्या पडल्या. आता संक्रांतही होऊन गेली आणि तिथे नुसते फिकट डाग उरलेत. पण आग जात नाही. ब्लाउजचं कापड नुसतं घासलं तरी कळवळते. पंख्याचा वारा लागला की पदर त्या जागेवर घट्ट दाबून धरते. घट्ट दाबलेलं तिला चालतं, हलका स्पर्श मात्र सहन होत नाही. रात्री मधूनच सणक येते आणि ती उठून बसते.

नात्यातले लोक म्हणतात, "जखम भरली ना, मग आता काय दुखतंय? मनाला लावून घेतलंय तिने." परिणाम असा की आईने सांगणंच बंद केलंय. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी काडीचा फरक नाही.

कुणी औषधाचं नाव सुचवावं म्हणून हा धागा काढलेला नाही. मला समजून घ्यायचंय आणि तिला समजेल असं सांगायचंय. जखमच उरली नाही तर दुखणं येतं कुठून? आणि कापडाचा स्पर्श आगीसारखा का लागतो? जाणकारांनी सविस्तर लिहावं. मोठे प्रतिसाद चालतील.

निशिगंध

मी भूलतज्ज्ञ आहे, पेन क्लिनिकमध्ये काम करतो. सगळ्यात आधी: तुमच्या आईला खरोखर दुखतंय. या दुखण्याला नाव आहे, पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया. नागिणीनंतर तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेला हे म्हणतात, आणि साठीच्या पुढे ते बऱ्याच जणांना होतं. हे वाक्य आईला आजच सांगा. बाकीचं सावकाश.

आता मुळापासून. त्वचेत, स्नायूंत, सांध्यांत मज्जातंतूंची उघडी टोकं पसरलेली असतात. त्यातली काही फक्त इजा होईल एवढी उष्णता, दाब किंवा रसायन जाणवलं तरच चेततात. शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ मध्येच इजा ओळखणाऱ्या या यंत्रणेला वेगळं नाव दिलं होतं. टोक चेतलं की संदेश दोन प्रकारच्या तंतूंतून निघतो. ए-डेल्टा तंतूंवर चरबीचं पातळ वेष्टन असतं, त्यांचा वेग सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर. सी तंतूंना वेष्टनच नाही, ते सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर. पायाच्या करंगळीला पलंगाचा पाय लागतो तेव्हाचं आठवा. आधी लख्ख कळ, आणि आपण "आई गं" म्हणेपर्यंत मागून येणारा ठणका. एकाच ठेचेचे हे दोन संदेश वेगवेगळ्या तंतूंनी येतात, म्हणून वेगवेगळ्या वेळी पोचतात.

या तंतूंच्या पेशी पाठीच्या कण्यालगत, प्रत्येक मणक्याच्या दोन्ही बाजूंना गाठींमध्ये असतात. आईच्या आजाराचं घर तिथेच आहे. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू शरीरातून जात नाही, या गाठींत दडून बसतो. वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या गाठीत तो पुन्हा जागा होतो आणि त्या तंतूवरूनच त्वचेपर्यंत येतो. तुम्हाला दिसले ते फोड शेवटच्या मुक्कामाचे. खरी नासधूस वाटेत झालेली असते, गाठीत आणि तंतूत.

फोड सुकले तरी जखमी तंतू तसाच राहतो, आणि जखमी तंतू काही कारण नसताना आपोआप संदेश सोडत बसतो. रात्री येते ती सणक हीच. मज्जारज्जूला दुसरीकडून कळायची सोय नसते. त्या तंतूवरून आलं म्हणजे त्या जागच्या त्वचेतून आलं, असंच धरलं जातं. म्हणून दुखणं डागांवरच जाणवतं.

आता कापडाचं. मज्जारज्जूच्या मागच्या भागात हे संदेश पुढच्या पेशींना दिले जातात. तिथे ते नुसते पुढे सरकत नाहीत, कमी-जास्त केले जातात. आठवडेच्या आठवडे मारा होत राहिला की पुढच्या पेशींची संवेदनशीलता वाढते आणि त्यांना आवरणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात. इजेनंतर मज्जारज्जूची संवेदनशीलता अशी वाढते, हे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्रयोगाने दाखवलं. ध्वनिक्षेपकाचा आवाज शेवटपर्यंत चढवून ठेवावा आणि कुणी माइकला बोट जरी लावलं तरी कानठळ्या बसाव्यात, तसं होतं. साध्या स्पर्शाचे तंतू वेगळे, जाड आणि भराभर संदेश नेणारे. एरवी त्यांचा वेदनेशी संबंध नाही. पण अशा चढलेल्या अवस्थेत त्यांनी आणलेला स्पर्शसुद्धा वेदनेच्या वाटेवर चढतो. पदर घट्ट दाबला की कापड त्वचेवर सरकत नाही, हलकं घासणं थांबतं. म्हणून दाबलेलं चालतं. आईने स्वतःच ते बरोबर शोधून काढलंय.

नेहमीच्या गोळ्यांबद्दल: त्या बहुतेक दाह कमी करतात. दुखावलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि तंतूंची टोकं हुळहुळी करतात. ॲस्पिरिन त्यांची निर्मिती अडवते हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, पुढे १९८२ चं नोबेल मिळालं. आईच्या बाबतीत त्वचेत आता दाह उरलेलाच नाही. मग गोळी अडवणार काय?

तिरफळ

फार छान समजावलंत डॉक्टर. आमच्याकडे कोकणात नागीण उतरवणारे असतात, गेरू लावतात, मंत्र घालतात. आणि लहानपणापासून ऐकलंय की नागिणीने कमरेला पूर्ण विळखा घातला की माणूस जगत नाही. माझ्या आजीला झाली होती तेव्हा सगळं घर रोज पट्टा कुठवर आला ते बघायचं. आजी त्या भीतीनेच अर्धी झाली होती. यात तथ्य किती?

निशिगंध

विळखा पूर्ण होत नाही, आणि त्याचं कारण शरीररचनेत आहे. कण्यातून डावीकडे आणि उजवीकडे स्वतंत्र तंतू निघतात. प्रत्येक जण आपापल्या बाजूने अर्धा वळसा घालून छाती-पोटाच्या मध्यरेषेपाशी थांबतो. बेंबीच्या पातळीचा पट्टा छातीच्या दहाव्या मणक्याचा, स्तनाग्राच्या पातळीचा चौथ्याचा, असा नकाशाच आहे. विषाणू एका बाजूच्या गाठीतून निघतो म्हणून पट्टाही मध्यरेषेपाशी थांबतो. प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असेल तर फोड अंगभर उठू शकतात. तो गंभीर प्रकार, लगेच रुग्णालय गाठायचं. पण विळख्याने कुणी दगावत नाही.

गेरू लावला तरी पुरळ एरवी आपोआप सुकतो तसाच सुकतो, आणि श्रेय गेरूला जातं. नुकसान वेगळंच होतं. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त उपयोग. उतरवणाऱ्याकडे दोन-तीन खेपा घालण्यात नेमकी तीच वेळ निघून जाते. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर तासाचाही उशीर नको, दृष्टी जाऊ शकते.

पेठेतला

रानजाई, तुमच्या आईचं दुखणं खरं आहे याबद्दल शंका नाही. पण मनाचा भाग अजिबातच नसतो का? दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने गंभीर जखमी सैनिकांना विचारलं होतं, वेदनाशामक हवं का. चारातल्या जवळपास तिघांनी नको म्हटलं. ते बेशुद्ध नव्हते, धक्क्यात नव्हते, सुई टोचली की ओरडत होते. पण जखम म्हणजे रणातून सुटका होती, घरी जायला मिळणार होतं. तशीच जखम घेऊन शहरातल्या इस्पितळात आलेला माणूस मात्र औषध मागतो. सैनिकांचं हे त्यांनी १९४६ मध्ये छापलं, शहरातल्या रुग्णांशी तुलना १९५६ मध्ये. मग जखमेइतकंच दुखतं, हे म्हणणं मुळातच पडतं ना?

निशिगंध

पडतंच, आणि तो मुद्दा मांडलात ते बरं केलंत. जखम किती आणि दुखणं किती, यांचं प्रमाण ठरलेलं नाही. पण त्यातून "मनाचे खेळ" हा निष्कर्ष निघत नाही, कारण मन जे करतं तेही तंतूंमार्फतच करतं.

मेंदूतून मज्जारज्जूकडे खाली येणाऱ्या वाटा आहेत. त्या वर जाणारा संदेश दाबू शकतात, वाढवूही शकतात. १९७३ मध्ये अफूच्या जातीच्या औषधांना पकडणारी केंद्रं मेंदूत सापडली आणि १९७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना मेंदूने स्वतः बनवलेली तशी द्रव्यं सापडली. मग १९७८ चा तो प्रसिद्ध प्रयोग. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं, तरी काहींचं दुखणं उतरलं. पुढे त्यांना अफूचा असर उलटवणारं नॅलोक्सोन दिलं, तर दुखणं परत वाढलं. म्हणजे नुसत्या विश्वासाने आलेला आराम हा शरीराने खरोखर सोडलेल्या द्रव्याचा होता.

हे दोन्ही बाजूंनी चालतं. भीती, जागरण, एकटेपणा, आणि आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही ही भावना दुखणं वाढवते. रानजाईंच्या घरातले लोक "मनाला लावून घेतलंय" असं म्हणून आईचं दुखणं वाढवताहेत. मला हे कठोर शब्दांत लिहावंसं वाटतं, कारण क्लिनिकमध्ये रोज अशी माणसं येतात की ज्यांना आधी स्वतःचं दुखणं सिद्ध करावं लागतं.

कृष्णाकाठ

माझ्या वडिलांचं याच्या अगदी उलट आहे, म्हणून लिहिते. त्यांना वीस-एक वर्षांचा मधुमेह. मागच्या पावसाळ्यात शेतातून आले, पाय धुवायला बसले तर टाचेतून रक्त. चपलेतून आरपार बाभळीचा काटा गेलेला, आणि त्यांना पत्ता नाही. किती वेळ त्यावर चालत होते तेही सांगता येईना. जखम चिघळली, बोट काढावं लागेल की काय इथवर गोष्ट गेली होती, थोडक्यात वाचलं. तेव्हापासून "काही दुखत नाही हो" हे त्यांच्या तोंडचं वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

निशिगंध

कृष्णाकाठ, ही फार महत्त्वाची बाजू. दीर्घ मधुमेहात पायाचे लांबलचक तंतू आधी खराब होतात. काहींना आग आणि मुंग्या, काहींना पूर्ण बधिरपणा, कधी दोन्ही. हृदयविकाराचा झटकासुद्धा अशा माणसांत छातीत न दुखता येऊ शकतो.

दुखणं नसेल तर काय होतं, हे कुष्ठरोगाने दाखवलं. पॉल ब्रँड हे शल्यविशारद वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करत. रोगाने बोटं झडतात असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. त्यांनी बारकाईने पाहिलं तर बोटं जात होती ती रोजच्या इजांनी. गरम भांडं धरलं तरी कळत नाही, गंजलेल्या कुलपात किल्ली एवढ्या जोरात फिरवली जाते की कातडं फाटतं. काहींची बोटं रात्री झोपेत उंदीर कुरतडत होते आणि माणूस जागा होत नव्हता. तिथे मग मांजरी पाळल्या गेल्या. वरोऱ्याच्या आनंदवनात किंवा कुठल्याही कुष्ठधामात काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

जन्मतःच वेदना न कळणारी माणसंही आहेत. २००६ मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथला एक मुलगा रस्त्यावर निखाऱ्यांवरून चालून, दंडातून सुऱ्या आरपार घालून दाखवायचा. चौदा वर्षांचा व्हायच्या आत छतावरून उडी मारून गेला. वेदनेच्या तंतूंत सोडियम आत शिरलं की संदेश निघतो. या कुटुंबांत सोडियमच्या अशा एका वाटेचं जनुक बिघडलेलं निघालं. त्याच जातीची दुसरी वाट बंद करणाऱ्या सुझेट्रिजिन या औषधाला अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये परवानगी मिळाली, ताज्या तीव्र वेदनेसाठी.

वडिलांना रोज रात्री तळपाय आरशात बघायला सांगा, किंवा तुम्ही बघा. चपलेत हात घालून खडा-काटा तपासल्याशिवाय पाय घालायचा नाही. मऊ एमसीआर रबराच्या चपला मिळतात, त्या घ्या.

कृष्णाकाठ

एमसीआर चपला घेतल्या आहेत. आरशाची युक्ती नवीन, आजपासून करते. मनापासून आभार.

सांधेसोबती

फिजिओथेरपिस्ट आहे. थोडी भर घालतो. कंबरदुखीवाले एमआरआयची फाइल घेऊन येतात, "गादी सरकलीय" म्हणून चेहरा पडलेला. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेही अजिबात पाठ न दुखणाऱ्या माणसांचं. त्यात विशीतल्या ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीच्या पुढच्या ९६ टक्क्यांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजलेल्या होत्या. फोटोतली झीज आणि दुखणं यांची जोडी लागतेच असं नाही. फोटो बघून घाबरून आडवं पडलेल्या माणसाला मात्र हमखास जास्त दुखतं. पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, ताप, वजन घटणं यातलं काही असेल तर गोष्ट वेगळी, लगेच तपासा.

आणि आपटलेल्या जागी आपण आपोआप चोळतो, त्यामागेही शास्त्र आहे. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं की स्पर्शाचे जाड तंतू मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाची वाट अरुंद करतात. त्यांच्या सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, मूळ कल्पना टिकली. आम्ही टेन्स मशीन (त्वचेवरून विजेचे सौम्य झटके देणारं यंत्र) लावतो ते याच तत्त्वावर.

रानजाई

पण मग आईच्या बाबतीत चोळून बरं वाटायला हवं होतं ना? तिथे तर उलटंच आहे.

सांधेसोबती

बरोबर पकडलंत. निरोगी यंत्रणेत स्पर्श वेदनेला आवरतो. आईच्या त्या पट्ट्यात आवरणाऱ्या पेशीच दुबळ्या झाल्यात, म्हणून तोच स्पर्श वेदना होऊन बसतो. त्या जागी चोळू नका. मऊ सुती, शिवण नसलेला, अंगाला चापून बसणारा सदरा आतून घालून बघा, म्हणजे कापड सरकणार नाही.

सह्यसखा

बरीच वर्षं फक्त वाचत आलोय, या धाग्यावर लिहावंसं वाटलं. अपघातात माझा डावा पाय गुडघ्याखाली गेला. नसलेल्या पायाची बोटं आवळली जातात आणि तळव्यात पेटका येतो. घरी हे सांगायला वर्ष घेतलं, वेड लागलं म्हणतील म्हणून. नंतर कळलं, अमेरिकन यादवी युद्धातल्या जखमींवर उपचार करणाऱ्या मिचेल नावाच्या डॉक्टरने १८७१ मध्येच याला नाव दिलंय.

मला आरशाच्या व्यायामाने फरक पडला. व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात काढलेली पद्धत. दोन्ही पायांच्या मध्ये आरसा उभा करायचा, चांगल्या पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसतं. मग चांगल्या पायाची बोटं सावकाश उघडायची. पहिल्यांदा आरशातली बोटं उघडताना पाहिली आणि आवळलेली बोटं सुटल्यासारखी वाटली, तेव्हा मी रडलो. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, माझ्यासोबतच्या एकाला काहीच वाटलं नाही. पण रानजाई, आईला सांगा की पाय नसतानाही पाय दुखतो, तर त्वचा वरून बरी दिसत असताना दुखणं यात नवल काहीच नाही.

तिरफळ

सह्यसखा, लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

एक भाबडी शंका. मिरचीचं मलम दुखण्यावर लावतात म्हणे. आगीवर आग?

निशिगंध

शंका रास्त आहे. तंतूंच्या टोकांवर साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडणारी एक वाट असते. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकी तीच उघडतं, म्हणून मिरची खाताना तोंड भाजल्यासारखं वाटतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ती १९९७ मध्ये शोधली, २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठी. दाह असेल तर ही वाट कमी तापमानालाच उघडते, म्हणून उन्हाने भाजलेल्या खांद्यावर कोमट पाणीही चटका देतं. औषधी मलम नेमाने लावत राहिलं की ही टोकं थकून गप्प होतात. घरची मिरची वाटून लावायची नाही, कातडं सोलवटतं. फुटलेल्या फोडांवर तर मलमही नाही.

पेठेतला

माझ्या वरच्या प्रश्नाचं उत्तर पटलं. एक जोडतो. ऐंशीच्या दशकापर्यंत तान्ह्या बाळांना वेदना नीट कळत नाहीत असं धरून पुष्कळ शस्त्रक्रिया अपुऱ्या भुलीत होत. भारतातून ऑक्सफर्डला गेलेल्या के. जे. एस. आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की पुरेशी भूल दिली तर बाळाच्या शरीरावरचा ताण कमी होतो आणि ती नंतर सावरतातही चांगली. ज्याला सांगता येत नाही त्याला दुखत नाही, असं डॉक्टरांनीसुद्धा मानलं होतं. रानजाईंच्या आईने बोलणं बंद केलंय हे वाचून तेच आठवलं.

रानजाई

काल रात्री आईजवळ बसून हे सगळं आमच्या बोलीत सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझी नस मेली का जिती हाय?" मला उत्तर देता आलं नाही. शिवाय, त्या पट्ट्यातच एक जागा अशी आहे जिथे काहीच कळत नाही आणि बोटभर अंतरावर आग. हे कसं? आणि गॅबापेंटिन-प्रीगाबालिनबद्दल वाचलं, त्याने गुंगी येते का?

निशिगंध

आईंचा प्रश्न अचूक आहे. काही तंतू मेले, ती बधिर जागा. काही जखमी होऊन जिवंत आहेत, ती आग. बऱ्याच जणांत ही आग महिन्यामहिन्याने उतरत जाते. काहींत वर्षानुवर्षं राहते, पण तेव्हाही सहन होईल इतकी कमी करता येते. दोन्ही गोष्टी आईंना सांगा.

ही औषधं जखमी तंतूंची आपोआप चाललेली बडबड कमी करतात. गुंगी येते, चक्कर येते, म्हणून रात्री अगदी कमी मात्रेपासून चढवत नेतात. या वयात पडणं परवडणारं नाही. रात्री बाथरूमपर्यंत दिवा चालू ठेवा, पहिले काही दिवस तिला एकटीला उठू देऊ नका. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी लागते, त्यामुळे क्रिएटिनिनचा रिपोर्ट बरोबर न्या. ॲमिट्रिप्टिलिन हे नसेच्या दुखण्यावरचं दुसरं औषध सुचवलं तर काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असल्यास आधी सांगा. त्वचा बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या पट्टीबद्दल विचारा, स्पर्शाच्या आगीला ती चांगली. आणि गोळी अचानक बंद करायची नाही.

डॉक्टरकडे "दुखतंय" एवढंच सांगू नका. आग, सणक, मुंग्या, बधिरपणा, कापड सहन न होणं, हे एकेक करून सांगा. मुरगळल्याचा ठणका आणि नसेची आग यांची औषधं वेगळी, आणि आम्ही ती याच वर्णनावरून ठरवतो.

रानजाई

लिहून घेतलं. वडील ७२ चे आहेत, त्यांना अजून नागीण झालेली नाही. लस असते का?

निशिगंध

असते. शिंग्रिक्स भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीच्या पुढे, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. महाग आहे. दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकण येऊ शकते. आईंना होऊन गेली असली तरी पुढे त्यांनाही घेता येते, कधी ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. वडिलांना मात्र थांबायचं काही कारण नाही.